भोरड्यांची मोजणी

परवा सकाळी कमल गच्चीवरून खाली आली आणि म्हणाली, भोरड्या आल्यात. मी म्हणालो, कशावरून? ती म्हणाली, माझ्या डोळ्यांवरून. आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. बायकोनं काही सांगितलं की कशावरून म्हणायची माझी खोड गेली नाही आणि त्यावर फटकारायची तिचीही गेली नाही. शेवटी कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन-दोन श्वास घेत, मी वर गेलो. पश्चिमेकडून काळ्या ठिपक्यांचा मोठा थवा आला, एकदम वळला, विरळ झाला, पुन्हा दाटला आणि पाण्याच्या टाकीमागं दिसेनासा झाला. भोरड्याच होत्या. तरी मी म्हणालो, साळुंक्या पण असतील. कमल माझ्या मागोमाग वर आली होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि दोरीवरच्या चादरीचं टोक सरळ केलं.

यंदा मला गच्चीपर्यंतच परवानगी आहे. उन्हाळा संपेपर्यंत स्कूटीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मागच्या वर्षीचा फाल्गुन-चैत्र तर दवाखान्यातच गेला, समोरच्या इमारतीचे एसीचे डबे आणि त्यांच्यावर बसणारे पारवे बघत. म्हणून तो थवा टाकीमागं गेला तसा मला त्याच्याही आधीचा, दोन वर्षांपूर्वीचा वसंत आठवला. पाखरं बघायला म्हणून मी रानात गेलो तो माझ्या आयुष्यातला एवढा एकच हंगाम. त्यात मला नऊ रविवार मिळाले होते. त्यातले तीन मी कसे घालवले, ते आज सांगून टाकतो.

आधी भोरड्यांचं. साळुंकीच्या भावकीतलं हे पाखरू. डोकं, पंख, शेपूट काळं कुळकुळीत आणि मधलं अंग गुलाबी, धुवून धुवून विटलेल्या पातळासारखं. पुस्तकात हिचं नाव पळसमैना. आमच्याकडं शेतकरी भोरडी म्हणतात आणि सोबत एखादी शिवीही घालतात, कारण हिवाळाभर हे थवे शाळवाच्या कणसांवर तुटून पडतात. ज्वारी काढली की त्या पळसाच्या, पांगाऱ्याच्या फुलांवर जातात. रात्री बाभळीत मुक्काम, सकाळी उन्हं अंगावर आली की निघायचं. आणि चैत्रात कधीतरी, ऊन खरं तापायच्या आत, सगळ्याच्या सगळ्या आपल्या मुलखात निघून जातात. कोणत्या दिवशी, ते कुणालाच सांगता येत नाही. नेमका दिवस सापडला तर बघायला मिळतं, नाहीतर वर्षभर थांबायचं. माझ्यासारख्याला वर्षभर थांब म्हणणं सोपं नाही.

मी एसटीत तिकीट तपासनीस होतो. जिल्हाभर हिंडलो. अकोले तालुक्यातल्या घाटातल्या गाड्या, शिंगणापूरच्या शनिवारच्या गाड्या, पारनेरच्या, पाथर्डीच्या. आडवळणाला जीप लावायची, गाडी आली की हात करायचा, एकानं पुढच्या दारानं चढायचं, एकानं मागच्या. गाडीत पाय ठेवल्याबरोबर मला कळायचं कुणाकडं तिकीट नाही. जो एकदम खिडकीबाहेर रस घेऊन बघायला लागतो तो. जो झोपेचं सोंग घेतो त्याच्या पापण्या थरथरतात. जी बाई पिशवीत तिकीट शोधता शोधता आधी पोराला रडवते ती. तीस वर्षं असं बघितलं की डोळ्याला तीच सवय लागते. निवृत्तीनंतर मी भाजीवाल्याच्या तागडीकडं, शेजाऱ्याच्या हसण्याकडं आणि लग्नातल्या आग्रहाकडं त्याच नजरेनं बघायला लागलो. कमल म्हणते, तुम्ही माझ्याकडंही पहिली दोन वर्षं तसंच बघत होता. खोटं नाही ते.

मग आजारपण आलं. जिना चढताना दम लागायचा, पायावर सूज यायची. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, तुमचं हृदय मोठं झालंय. कमलला इतक्या काळजीतही हसू फुटलं. म्हणाली, डॉक्टर, हे बाहेर कुणाला सांगू नका, कुणाचा विश्वास बसायचा नाही. मला काही हसू आलं नाही. मी आणखी दोन डॉक्टरांकडं गेलो. तिघांनीही एकच सांगितलं, तेव्हा मला वाटलं हे तिघं एकमेकांच्या ओळखीचे असणार. पण सूज काही कुणाच्या ओळखीची नव्हती. मीठ कमी झालं, पाणी मोजून मिळायला लागलं, रोज सकाळी लघवीची गोळी, रोज वजन, नडगीवर बोट दाबून खळगा पडतो का ते बघणं. चढ चढायचा नाही. सपाटीवर चालायचं आणि दोनशे पावलं झाली की मुकाट बसायचं.

आमची वैशाली पुण्याला असते. तिनं एक दुर्बीण आणि पाखरांचं पुस्तक पाठवलं. फोनवर म्हणाली, बाबा, माणसांवर डोळा ठेवताय तो आता पाखरांवर ठेवा. मला लगेच वाटलं, मायलेकींनी मिळून मला घराबाहेर काढायचा डाव टाकलाय. डाव होताच. पण दुर्बीण चांगली होती. पहिल्या दिवशी खिडकीतून समोरच्या लिंबावरचा वेडा राघू बघितला. हिरवं अंग, गळ्याला निळसर झाक, डोळ्यातून ओढल्यासारखी काळी रेघ. उडाला, हवेतच माशी पकडली, परत त्याच फांदीवर बसून ती आपटली. इतकी वर्षं हे झाड माझ्या दारात आहे आणि हा इसम मला एकदाही सापडला नव्हता. माझा जरा अपमानच झाला.

कमल अंगणवाडीत सेविका आहे, तिला रविवारचीच सवड. स्कूटी ती चालवायची आणि मी मागं बसायचो, मांडीवर घडीचं स्टूल, गळ्यात दुर्बीण. ज्या रस्त्यांवर मी हात केला की गाड्या थांबायच्या त्या रस्त्यानं बायकोच्या मागं बसून जाताना पहिल्या रविवारी मान खाली गेली होती. दुसऱ्या रविवारी विसरलो. गोळी परत आल्यावर घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवलं होतं. नाहीतर अर्धी सकाळ आडोसा शोधण्यात जायची.

जागा माझ्या माहितीतली होती. पारनेरच्या अंगाला, मोठा रस्ता सोडून आत गेलं की एका वाडीच्या अलीकडं रस्त्याला लागून दोन थोरल्या बाभळी आहेत. त्यांच्याआड जीप लावून आम्ही राळेगणकडून येणारी गाडी अडवायचो. बाभळींपासून एक बांध सरळ पाझर तलावापर्यंत जातो, दोन शेतांच्या मधून. सगळं सपाट, जणू डॉक्टरांनी सांगून करून घेतलेलं. दोनशे पावलांच्या आत पाणी. नोकरीत असताना त्या बाभळींत पाखरं असतात हे मला माहीतच नव्हतं. तेव्हा मी रस्त्याकडं बघत असायचो.

काय सकाळी होत्या त्या. फाल्गुनातली थंडी उन्हाला अजून जागा देत नसायची, कमल माझ्या कानाला मफलर गुंडाळायची. ज्वारी निघालेली, शेतात नुसती सडं, कडब्याच्या गंजींचा गोडसर वास. तलावाचं पाणी आत ओसरलेलं आणि काठच्या चिखलाला भेगा. तुतवार चिखलातून शेपटी खालीवर करत हिंडायचा, लांब लाल पायांचे शेकाटे पाण्यात उभे. चंडोल जमिनीवरून उठायचा आणि गात गात इतका वर जायचा की दुर्बिणीतूनही सुटायचा. तारेवर नीलपंख बसलेला असला की मातकट दिसायचा, उडाला की सगळा निळा. आणि बाभळींत भोरड्या. त्यांचा कलकलाट स्कूटी बंद केल्याबरोबर ऐकू यायचा. पालवी दिसायची नाही इतक्या बसलेल्या. ऊन बाभळीच्या शेंड्याला लागलं की एकदम आवाज थांबायचा आणि पुढच्या क्षणी सगळं झाड उडाल्यासारखं व्हायचं. पंखांचा वारा आम्हाला खाली लागायचा. पहिल्यांदा तो लागला तेव्हा मी कमलचा हात धरला. रस्त्यावर, दिवसाढवळ्या. तिलाही ते नवीनच होतं.

पाखरांत माझा जीव का रमला ते मला पक्कं माहीत आहे. ती माझ्यासारखीच संशयी असतात. होला एक दाणा उचलतो आणि मान वर करतो, पुन्हा दाणा, पुन्हा मान. टिटवीची अंडी एकीकडं आणि तिचा आरडाओरडा दुसरीकडं. आपण तिच्या आवाजामागं जावं म्हणून ती गळा काढते. मी तिला पहिल्याच दिवशी ओळखलं. खिडकीबाहेर बघणारी प्रवासी. कोतवाल शिक्र्याचा आवाज काढून इतरांना पळवतो आणि त्यांचा किडा खातो. कावळा जन्मभर सगळ्या जगावर डोळा ठेवतो आणि कोकिळेचं पोर मात्र आपलं म्हणून पोसतो. मी कमलला म्हणायचो, बघ, जो शंका घेत नाही तो जगत नाही. ती म्हणायची, पाखरू शंका घेतं आणि लगेच पुढचा दाणा टिपतं, तुम्ही शंका घेऊन तिथंच बसता. त्यावर मी दुर्बीण दुसरीकडं वळवायचो.

डायरी ठेवायची कल्पना माझीच. तपासनीसाला नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही. एका बाजूला पाखरं, एका बाजूला पावलं. बांधावरून चालताना कमल मोठ्यानं पावलं मोजायची, अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, म्हणजे मी चुकवाचुकवी करू नये. टोकाला पोचलो की मी स्टुलावर बसून श्वास परत मिळवायचा आणि लिहायचं: बांध, एकशे ऐंशी पावलं. मग दुर्बीण डोळ्याला लावून इकडून तिकडं सगळं शिवार फिरायचं आणि आकडे लिहायचे. आम्हाला यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

पलीकडं शेतात एक बाई असायची. साठीची, काटक, पदरावरून डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. सड वेचता वेचता मधेच उभी राहून आमच्याकडं बघायची. पहिले तीन रविवार नुसती बघत राहिली. तिचं नाव इंदूबाई, हे मला फार पुढं कळलं. चौथ्या रविवारी ती विळा हातात घेऊन सरळ आमच्यापर्यंत आली. कमल तेव्हा स्कूटीपाशी पाण्याची बाटली आणायला गेली होती. बाईनं माझ्या दुर्बिणीकडं बघितलं, वहीकडं बघितलं.

"काय चाललंय वो हितं?"

मी कुणाला आपण होऊन फारसं काही सांगत नाही. शिवाय सरकारी शब्द तोंडात बसलेले. मी म्हणालो, "मोजणी."

"कुनी आनली?"

मला प्रश्न चमत्कारिक वाटला, पण खेड्यातलं बोलणं म्हणून सोडून दिला. म्हणालो, कुणी आणायला कशाला पाहिजे, माझी मीच करतोय. मग डोळे बारीक करून तिनं विचारलं, "आडनाव काय म्हनायचं तुमचं?"

इथं मला थांबून सांगायला हवं. आमच्या आजोबांनी धम्म घेतला. घरातले देव गेले, पोरांची नावं बदलली, आडनाव तेच राहिलं. आणि आमच्या भागात आडनाव कळलं की समोरच्याला पुढचं सगळं कळतं. एसटीत माझ्या छातीवर बिल्ला असायचा, त्यावर आडनाव. मी तिकीट मागितलं की काहींची नजर आधी बिल्ल्यावर जायची. त्यातले काही मग तिकीट माझ्या हातात द्यायच्याऐवजी शेजारी सीटवर ठेवायचे, मी उचलून घ्यावं म्हणून. सगळे नाही, थोडेच. पण त्या थोड्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून अनोळखी माणसानं आडनाव विचारलं की मी उत्तराऐवजी प्रश्नच परतवतो. बाईला मी म्हणालो, आडनावाचं काय काम? तिनं मान हलवली, जशी काही तिला हवी ती माहिती मिळाली होती, आणि निघून गेली.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर बाभळीखालच्या माझ्या बसायच्या जागेवर काटेरी फांद्या टाकलेल्या. बांधाच्या तोंडाशीही तशाच, आडव्या, चांगल्या दाबून ठेवलेल्या. डोक्यावर भोरड्या कलकलत होत्या. मी वर बघितलंसुद्धा नाही. स्कूटी फिरव म्हणालो. कमल म्हणाली, अहो, जनावरं शिरतात म्हणून टाकल्या असतील. मी म्हणालो, कालपर्यंत जनावरं नव्हती का? आडनाव विचारलं आणि आठ दिवसांत काटे आले, याच्यात न समजण्यासारखं काय आहे? तिनं स्कूटी फिरवली, कारण न समजण्यासारखं तिलाही काही दिसत नव्हतं.

त्यानंतरचे तीन रविवार मी घरी बसलो. कमल दर वेळी विचारायची, दुसरीकडं जाऊ या का? पण दुसरीकडं चढ होता, नाहीतर वाहनांचा धूर, नाहीतर लांबचा पल्ला. ती एकच जागा माझ्या पायांना परवडणारी होती. ती म्हणायची, मग मी त्या बाईला जाऊन विचारते. मी म्हणायचो, विचारून आणखी अपमान करून घ्यायचाय का? आणि बाल्कनीत दुर्बीण घेऊन बसायचो. सवय कुठं जाणार. दूधवाला किती वाजता येतो, वरच्या मजल्यावर कुणाची मोटारसायकल किती वेळ उभी असते, झाडूवाली कुठला कोपरा सोडते, सगळं दिसायला लागलं. लिंबाला मोहोर आला, सगळ्या गल्लीत त्याचा कडसर गोड वास भरला, त्यात वेडे राघू येऊन जाऊन होते, आणि मी झाडाच्या पलीकडच्या खिडकीत कोण उभं आहे ते बघत होतो. आतल्या आत मला माहीत होतं की चैत्र पुढं सरकतोय. ऊन आठ वाजताच चटका द्यायला लागलं होतं. भोरड्या कधीही जातील. पुढच्या वर्षी मी असेन की नाही, असलो तर बांधापर्यंत चालेन की नाही, याची हमी तिघांतल्या एकाही डॉक्टरनं दिली नव्हती. तरी माझा हेका सुटत नव्हता. राग धरून ठेवला की माणसाला वाटतं आपण काहीतरी करतोय.

मग एका शनिवारी संध्याकाळी कमलच्या हाती माझी डायरी लागली. पाखरांच्या पानामागं तिनं वाचलं: सहा चाळीस, दूधवाला. सहा पंचावन्न, निळी मोटारसायकल. सात दहा, मोटारसायकल गेली. तिनं डायरी मिटून माझ्यापुढं ठेवली. ती चिडते तेव्हा आवाज चढवते, त्या दिवशी चढवला नाही.

"मी पण त्याच आडनावाची आहे," ती म्हणाली. "मलाही लोकांनी विचारलंय, मलाही लागलंय. पण मी जाऊन विचारते. तुम्ही घरात बसून ठरवता."

सकाळी ती एकटीच निघाली. मफलर तिनं दाराच्या कडीला अडकवून ठेवला होता. मी तो घेतला आणि स्कूटीवर मागं बसलो.

काटे नव्हते. बाभळीखालची जमीन स्वच्छ झाडलेली, पालापाचोळा एका बाजूला सारलेला. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की यात काहीतरी काळंबेरं आहे. दुसरी गोष्ट लक्षात यायला जरा वेळ लागला. आवाज नव्हता. दोन्ही बाभळी उभ्या होत्या, खाली बुंध्याशी विष्ठेचा पांढरा सडा होता आणि वर एकही पाखरू नव्हतं. लांबून ती बाई जवळजवळ पळत येताना दिसली. मी मनातल्या मनात उत्तराची तयारी केली. माझ्या बाजूनं मी पूर्ण तयार होतो.

"किती दिस झालं वो," ती म्हणाली. "वाट बघतीया."

कमलनं आडपडदा न ठेवता विचारलं, काटे तुम्ही टाकले होते का? बाई म्हणाली, व्हय, म्याच टाकले. आणि मग तिनं जे सांगितलं ते असं. तिचा मालक वारला त्याला बरीच वर्षं झाली. बांधाच्या पलीकडचं रान दिराचं. दर नांगरटीला दीर बांध कोरतो असा तिचा संशय. तिनं आम्हाला बघितलं ते नवराबायको बांधावरून मोठ्यानं पावलं मोजत चाललेत, टोकाला बसून यंत्रातून शिवार बघतायत आणि वहीत आकडे लिहितायत. त्यात तिनं विचारल्यावर मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मोजणी. आमच्याकडं मोजणी म्हणजे जमिनीची मोजणी. भूमापक, साखळी, नकाशा, हद्दीचे दगड. दुसरी कसली मोजणी असते हे तिला काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी याच जिल्ह्यात जन्मलो.

"आन् आडनाव?" कमलनं विचारलं. तिच्या आवाजातला ताण मला कळला, कारण तो प्रश्न माझाही होता.

"माझ्या जावंच्या माहेरचा एक जन मोजणीत हाय. त्याचं आडनाव मला ठावं हाय. हे त्यांच्यातले हायेत का म्हनून इचारलं. तर सांगतच न्हाईत. मंग माझी खात्रीच झाली, दिरानंच आनलीया मोजणी."

कमल बांधावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. इंदूबाईही पदर तोंडाला लावून हसली. मी हसलो नाही. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो, जसा गाडीत बघायचो, पापणी थरथरते का, नजर हटते का. काही सापडलं नाही. अगदी खरं सांगायचं तर माझ्या मनाचा एक कोपरा आजही म्हणतो की नुसतं तेवढंच नसेल. त्या कोपऱ्याला मी काय करू? त्याला गप्प बसायची सवय कुणी लावलीच नाही. पण उरलेल्या सगळ्या मनाला तिचं पटलं.

मग मला एक शंका आली आणि मी विचारलं, काटे काढले कधी?

"तवाच. मंगळवारी. तलाठ्याला इचारलं, तर म्हनला कुनी मोजणी टाकलेलीच न्हाई. वाडीतल्या पोरांनी तुमाला बघितलं व्हतं, म्हनली त्यो पाखरं बघनारा आजारी मानूस हाय. लई वाईट वाटलं. जागा झाडून ठिवली. दर ऐतवारी बघायची, आले का म्हनून."

मी हिशेब केला. काटे रविवारी बघितले, मंगळवारी निघाले. म्हणजे मी बघितल्यावर तीन दिवससुद्धा ते तिथं राहिले नव्हते. मी वर बाभळीकडं बोट केलं. दम लागला होता, कमलनं लगेच स्टूल उघडून माझ्यामागं धरलं. इंदूबाईला माझा प्रश्न समजला.

"काल गेल्या," ती म्हणाली. "सकाळी उठल्या, दोनदा चक्कर मारली तळ्यावरनं, आन् गेल्या त्या गेल्याच. राती आल्या न्हाईत."

मी बसलो. कुणावर रागवायचं ते सापडेना आणि राग तर आला होता. कमलनं बाटलीचं झाकण उघडून दिलं, मोजलेल्या पाण्यातलं सगळं पाणी मी एका दमात प्यालो, तिनंही अडवलं नाही. इंदूबाई माझ्यासमोर उकिडवी बसली. माझं तोंड बघून तिला काय वाटलं कोण जाणे, समजुतीच्या सुरात म्हणाली, तुमचं काम खोळंबलं असंल म्हनून म्या बघून ठिवलंय. मी विचारलं, काय बघून ठेवलं? ती म्हणाली, भोरड्या. तिला शंभराच्या पुढं मोजता येत नाही, आणि त्या कुठं जागेवर बसतात एकेक मोजायला. म्हणून तिनं बाभळी मोजल्या होत्या. पहिल्या ऐतवारी दोन बाभळी भरून होत्या. दुसऱ्या ऐतवारी एकच भरली. तिसऱ्याला अर्धी. ज्या पाखरांनी हिवाळाभर तिचा शाळू खाल्ला आणि ज्यांना तिनं गोफणीनं हाणलं, ती पाखरं ही बाई माझ्यासाठी तीन रविवार सकाळी उभी राहून मोजत होती.

मी डायरी काढली. नोंद कुणाची ते लिहावं लागतं, म्हणून म्हणालो, तुमचं पूर्ण नाव सांगा. ती एकदम सावध झाली, मागं सरकली. नाव कशाला? वही कुठं जानार हाय? उद्या अंगठा मागाल. मी सांगितलं, ही वही माझ्या घरातून कुठं जात नाही. तिनं खात्रीसाठी कमलकडं बघितलं. कमलनं मान हलवली. मग ती पुन्हा पुढं सरकली.

"इंदूबाई," ती म्हणाली. "एवढंच लिवा. आडनाव नगं."

मी लिहिलं. पहिला रविवार, दोन बाभळी. दुसरा रविवार, एक बाभळ. तिसरा रविवार, अर्धी. पाहणार, इंदूबाई. मला चक्क रडू आलं. ते दोघींना दिसू नये म्हणून मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि रिकाम्या बाभळीकडं बघत बसलो. तीन रविवार ती जागा माझ्यासाठी झाडून ठेवलेली होती, आणि मी घरी बसून होतो.